ज्याचं घुंगरू त्याने ऐकायचं

साहेब इडलीसुद्धा उलटी करून बघत. वरून पांढरीशुभ्र आणि फुगलेली दिसली तरी खालून चिकट असेल तर काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी ते पहिल्यांदा नाश्त्याला आले तेव्हा त्यांनी बशीतली इडली दोन बोटांत धरली, खिडकीच्या उजेडात फिरवली, हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाले, "पास." मग चटणी चाखली. "रिवर्क."

तुमचे आजोबा हसू दाबत वर्तमानपत्राच्या मागे गेले. मी वाटी उचलून आत गेले, चाखून पाहिलं. चटणीत मीठ घालायचंच राहिलं होतं.

तुम्ही दोघं मागे फोनवर विचारत होतात, की रविवारी सकाळी आजी फोन का उचलत नाही, या वयात ती डोंबिवलीहून नदीवर कशाला जाते, आणि मासे खात नाही तर पकडते कशाला. ते नीट सांगायचं तर साहेबांपासूनच सुरुवात करायला हवी. साहेब आता नाहीत. तुम्ही त्यांना एकदाच भेटला आहात. धाकटीने त्यांना चॉकलेट दिलं होतं आणि त्यांनी आधी कागदावरची तारीख वाचली होती. "हे काका चॉकलेट वाचतात," असं ती नंतर दिवसभर सगळ्यांना सांगत होती. तेच ते.

वागळे इस्टेटमधल्या एका पंपाच्या कारखान्यात मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होते आणि साहेब तपासणी विभागाचे प्रमुख होते. बाहेर जाणारा प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्याला तीनपैकी एकच शब्द मिळायचा: पास, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून आणा, किंवा रिजेक्ट. कामगार त्यांना माघारी 'गेज' म्हणत. गेज म्हणजे माप तपासायचं हत्यार. वस्तू त्यातून जाते किंवा जात नाही, अधलंमधलं काही नसतं. साहेबांना हे नाव ठाऊक होतं आणि मला वाटतं ते आवडतही होतं.

माझी पत्रंही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. माल उशिरा पाठवल्याबद्दल एका ग्राहकाला लिहिलेलं पत्र घेऊन ते एकदा माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, यात 'काइंडली' किती वेळा आलंय बघा. आपण पंप विकतोय की पाया पडतोय?"

मी पत्र पुन्हा टाइप केलं. रागाने केलं, पण दुसरं पत्र खरोखरच चांगलं झालं.

कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा योगायोगाने आम्ही डोंबिवलीत एकाच इमारतीत राहत होतो, ते आमच्या वरच्या मजल्यावर. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर ते एकटेच राहत. माणसांत मिसळायचे ते दोनच कारणांनी. एक, संध्याकाळी तळमजल्यावरच्या एका शेजाऱ्याबरोबर बुद्धिबळ, आणि दुसरं, दर रविवारी काळू नदीवर गळ टाकणं.

बुद्धिबळ कसं सुटलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बायको गेल्याला फार दिवस झाले नव्हते. साहेब खेळायला येत, पण लक्ष नसे, डाव हरत. त्या शेजाऱ्याला वाईट वाटलं. भला माणूस. त्याने एका संध्याकाळी आपला वजीर मुद्दाम उघड्यावर ठेवला. साहेबांनी वजिराकडे पाहिलं, मग शेजाऱ्याकडे पाहिलं. काही न बोलता सगळी प्यादी, हत्ती, उंट एकेक करून डबीत भरले आणि पट घडी करून वर निघून आले. त्यानंतर ते कधीही बुद्धिबळ खेळले नाहीत. तुमच्या आजोबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "दया करून दिलेला पास म्हणजे रिजेक्टच असतो. फक्त सांगत नाहीत."

म्हणजे राहिली ती नदी.

आंबिवलीच्या पुढे काळू नदी एका वळणावर रुंद होते. तिथे एक डोह आहे, काठावर करंजाची दाट सावली. जाणारे तिघेच. साहेब, तुमचे आजोबा आणि गाडीचे मालक कांबळे. कांबळे कल्याणला रेल्वेत फिटर होते. त्यांच्याइतका बोलका माणूस मी पाहिलेला नाही, आणि माशांना शांतता लागते हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. "मासे माझं ऐकायला येतात, मॅडम. साहेबांच्या इथे काय, शोकसभा चाललेली असते."

आमच्या पद्धतीत काठी काठावर रोवून ठेवायची, गळाला कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, लांब पाण्यात सोडायचं, आणि काठीच्या टोकाला एक घुंगरू बांधायचं. मासा ओढू लागला की टोक हलतं, घुंगरू वाजतं. तोवर खुर्चीत बसून तुम्ही काहीही करा. साहेब वर्तमानपत्र वाचत. काठीकडे टक लावून बसणं त्यांना अप्रतिष्ठेचं वाटे. "घुंगरू कशाला बांधलंय मग?"

आणि त्यांचा एक नियम होता. ज्याचं घुंगरू त्याने ऐकायचं. दुसऱ्याचं वाजलं तर सांगायचं नाही, खुणावायचं नाही, काठीला तर हातच लावायचा नाही. तुमचे आजोबा सुरुवातीच्या दिवसांत एकदा खुर्चीत घोरत पडले होते. त्यांचं घुंगरू देवळातल्यासारखं वाजत होतं. साहेब शेजारी बसून शांतपणे बघत होते. शेवटी तंगूस तुटलं, मासा गेला आणि आजोबा त्या आवाजाने जागे झाले.

"अहो, उठवायचं नाही का?"

"तुमचं घुंगरू होतं."

"पण मी झोपलेलो!"

"ते दिसलं मला," साहेब म्हणाले आणि पान उलटलं.

आजोबा त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र एकदम म्हणाले, "बरोबर आहे गं त्याचं. त्याने उठवलं असतं तर तो मासा माझा थोडाच झाला असता?" पुढे हाच नियम ते कांबळ्यांना जणू स्वतःच शोधून काढल्यासारखा समजावून सांगत.

आजोबा गेले तेव्हा तुम्ही खूप लहान होतात. सांत्वनाला पुष्कळ माणसं आली आणि सगळ्यांनी तेच तेच सांगितलं. साहेब आले नाहीत. मला ते लागलं. मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. डोक्यावर गोल टोपी, हातात काठ्यांची लांब पिशवी घेऊन साहेब उभे होते.

"मॅडम, त्यांची काठी पडून आहे. वापरली नाही तर रीळ जाम होईल. गाडी खाली उभी आहे."

"मला येत नाही हो यातलं काही."

"त्यांनाही येत नव्हतं," साहेब म्हणाले.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. साडी बदलायलाही न थांबता गेले.

तेव्हापासून मी जाते आहे. माझी व्यवस्था तुम्हाला ठाऊकच आहे. रोजच्या औषधांसाठी वारांची नावं असलेली एक डबी मिळते ना, सोमवार ते रविवार, तिच्यात मी गळ लहान-मोठ्या क्रमाने ठेवते. साहेबांनी ती उघडून पाहिली, एकेक झाकण लावून बघितलं आणि लगेच 'पास' म्हणाले. मी मासे पकडते आणि सोडते. कांबळे त्याला "मॅडमचा टाइमपास" म्हणतात आणि सोडायच्या आधी एकदा तरी माझ्याकडे आशेने बघतात.

साहेबांच्या घुंगराची गोष्ट वेगळी होती. ते त्यांनी ठाण्याच्या टेंभी नाक्याला नवरात्रात घेतलं होतं. आम्ही सगळेच देवीच्या दर्शनाला गेलो होतो. एका टपरीवर घुंगरांची टोपली होती आणि साहेबांनी त्यातलं एकेक घुंगरू उचलून कानाशी वाजवायला सुरुवात केली. मागे गर्दी साचली. शेवटी टपरीवाला म्हणाला, "काका, घ्यायचंय की भजन करायचंय?" साहेबांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. सगळी टोपली तपासून त्यांनी एक अगदी बारीक, टोकदार आवाजाचं निवडलं. "जाड आवाज वाऱ्यात विरतो," त्यांनी समजावलं. "हा सुईसारखा जातो. कितीही गोंधळ असो, ऐकू येतो." माझं घुंगरू जाड आवाजाचं, बैलाच्या गळ्यातल्यासारखं. ते त्यांनी कधी पास केलं नाही.

आपलं घुंगरू प्रवासात वाजू नये म्हणून साहेब त्याच्या फटीत कागदाची घडी घालून ठेवत. डोहावर पोचल्यावर कागद काढायचा, घुंगरू कानाशी धरून हलवायचं, 'पास' म्हणायचं आणि मग काठीला बांधायचं. कितीतरी रविवार आम्ही हे बघत आलो होतो.

एका रविवारी त्यांनी घुंगरू पिशवीतून काढलं, कानाशी धरलं, हलवलं. पुन्हा हलवलं. "पास," म्हणाले आणि बांधायला लागले.

कागद आतच होता.

कांबळ्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं, इतकी सुरेख थट्टा आयती समोर आलेली. जन्मभर दुसऱ्यांचा माल तपासणाऱ्या माणसाने मुकं घुंगरू पास केलं होतं! पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं.

साहेब चारा घ्यायला गाडीकडे गेले तेव्हा मी घाईघाईने तो कागद ओढून काढला. त्यांच्या काठीला हात लावण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"मॅडम, हे कधीपासून चाललंय?" कांबळ्यांनी हळूच विचारलं.

आता मागचं सगळं दिसू लागलं. साहेबांना हल्ली मासे मिळत नव्हते. आम्ही दोघं नियमाने गप्प बसायचो. घुंगरू वाजायचं, साहेब वाचत राहायचे, मासा चारा खाऊन जायचा, आणि आम्हाला वाटायचं की लहानसहान माशांसाठी उठणं ते कमीपणाचं समजतात. आमचं बोलणं त्यांना नीट ऐकू येई. माझं बैलाचं घुंगरूही ऐकू येई. वय झालं की कानातून बारीक आवाज आधी जातात, हे मला डॉक्टरांनी माझ्याच कानांच्या बाबतीत सांगितलं होतं. साहेबांनी टोपलीभर घुंगरांतून निवडलेला तो सुईसारखा आवाज, तोच नेमका गेला होता.

"सरळ सांगू या," कांबळे म्हणाले. "कानाचं मशीन मिळतं आता, बारीकसं. दिसत पण नाय."

"आणि बुद्धिबळासारखं झालं तर?"

आम्ही सांगितलं असतं तर साहेबांनी काठ्या पिशवीत भरल्या असत्या, पिशवीची नाडी नीट बांधली असती आणि पुन्हा कधी आले नसते. मग वरच्या मजल्यावर तो माणूस, चार भिंती आणि वर्तमानपत्र. रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली नसती.

"घुंगरू बदलून टाकू या ना गुपचूप. जाड आवाजाचं लावू."

"त्यांना कळणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"नाय," कांबळे म्हणाले. "ते तर चॉकलेट वाचतात."

पुढच्या रविवारी मी माझी खुर्ची हलवली. आतापर्यंत मी साहेबांच्या उजवीकडे बसत असे, आता त्यांच्या काठीच्या पलीकडे बसले. "इथे ऊन लागत नाही," असं सांगितलं, ते खरंही होतं. फ्लास्क मांडीशी ठेवला. साहेबांचं घुंगरू वाजलं. साहेब वाचत होते. मी कपात चहा ओतला आणि हात लांब करून म्हटलं, "साहेब, चहा."

कप घ्यायला त्यांना माझ्याकडे वळावं लागलं आणि माझ्याकडे वळलं की मध्ये त्यांची काठी येत होती. टोक थरथरत होतं. साहेबांनी कप घेतला, खाली ठेवला, उठले आणि झटक्यात काठी उचलली. छोटीशीच होती मासळी, पण कित्येक दिवसांनी त्यांच्या हाती लागली होती. नियमात सांगू नये असं होतं, खुणावू नये असं होतं. चहा देऊ नये असं कुठेच नव्हतं.

मग ती रीतच पडली. घुंगरू वाजलं की चहा. अडचणी आल्याच. कप भरेपर्यंत मासा निघून जाई, म्हणून मी आधीच भरून ठेवू लागले आणि तो पार गार होई. बारीक मासे चाऱ्याशी उगाच खेळत तेव्हाही घुंगरू किणकिणे, आणि मी प्रत्येक वेळी कप पुढे करी. एका सकाळी साहेबांना इतका चहा झाला की ते दोनदा करंजामागे जाऊन आले. कांबळे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, बारक्या माशाला अर्धा कप द्या ना."

हळूहळू मला वाजण्यातला फरक कळायला लागला. नुसतं टोचणं वेगळं आणि ओढणं वेगळं. आणि साहेब तो गार, साय धरलेला चहा निमूट पीत. चटणीतलं मीठ पकडणाऱ्या माणसाने त्या चहाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण मी माझ्या युक्तीवर इतकी खूश होते की तिकडे लक्षच गेलं नाही.

असा एक पावसाळा गेला, नदी गढूळ होऊन पुन्हा निवळली आणि थंडी आली. त्या सकाळी डोहावर धुकं होतं. कांबळ्यांना सर्दी झाली होती आणि बोलता बोलता त्यांनी फ्लास्क रिकामा केला होता. मला ते कळलं तेव्हाच साहेबांचं घुंगरू वाजलं.

टोचणं नव्हतं ते. काठीचं टोक पाण्याकडे वाकलं होतं, घुंगरू थांबायलाच तयार नव्हतं. मी फ्लास्क उलटा केला. थेंबही नाही. साहेब वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचत होते. कांबळे उभे राहून दोन्ही हात डोक्याला लावून माझ्याकडे बघत होते. इतका मोठा मासा त्या डोहात आमच्यापैकी कुणालाच लागला नव्हता.

मी रिकामा कप उचलला आणि पुढे धरला. "साहेब, चहा."

साहेब वळले. कप घेतला. आणि जन्मभराच्या सवयीने कपात डोकावून पाहिलं.

मला वाटलं, संपलं. आता ते काठी गुंडाळणार.

त्यांनी कप गवतावर ठेवला, उभाच, सांडू नये असा जपून. मग उठले आणि काठी हातात घेतली. रीळ करकरत होतं. मासा डोहाच्या मध्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. साहेब त्याला घाई करत नव्हते. टोपी खाली पडली, ती त्यांनी पडू दिली. कांबळे किनाऱ्यावर नाचत होते, पण काठीला हात लावायची हिंमत त्यांना नव्हती.

"कांबळे, जाळी."

"आलो, आलो साहेब! धरा, सोडू नका!"

रोहू होता. तांबूस झाक असलेला, कांबळ्यांच्या हाताएवढा लांब. साहेबांनी ओल्या हातांनी गळ सोडवला, माशाला इडलीसारखंच उजेडात इकडून तिकडून पाहिलं, आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून सोडून दिला.

"अहो साहेब! आठवड्याचं कालवण सोडलंत!" कांबळे जवळजवळ ओरडलेच.

साहेबांनी पँट पिळली, टोपी झटकून घातली. मग परत येऊन गवतावरचा कप उचलला, खिशातल्या रुमालाने आतून बाहेरून पुसला आणि माझ्या हातात दिला.

"साखर कमी होती, मॅडम."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच होता, काही म्हणजे काही दिसू न देणारा. मी विचारलं, "रिवर्क करू?"

त्यांनी वर्तमानपत्र उचललं. "नको," म्हणाले. "पास."

रात्री मला झोप लागेना. 'पास' म्हणाले खरे, पण बुद्धिबळाचा पट आवरतानाही ते काही वाईट बोलले नव्हतेच. सगळा आठवडा वरच्या मजल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होते आणि जिन्यात गाठ पडू नये म्हणून खाली जायचं टाळत होते.

रविवारी सकाळी लवकर उठून चहा केला, फ्लास्क भरला, आणि तो समोर ठेवून नुसती बसून राहिले.

बेल वाजली.

साहेब दारात उभे होते. डोक्यावर टोपी, खांद्याला काठ्यांची पिशवी. आणि हातात घरून आणलेला एक कप होता, झाकणाचा.

"यात गार होत नाही," ते म्हणाले. "चला, गाडी उभी आहे."